उन्हात दुरुस्त, पावसात पुन्हा बंद

वाचकाचं पत्र

मी संगमेश्वर तालुक्यातला. वय २६. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं, दोन वर्षं एका डीटीएच कंपनीच्या सर्व्हिस एजन्सीकडे 'दर कॉलमागे इतके' या बोलीवर काम केलं आणि गेल्या वर्षापासून स्वतःचं करतो. सगळ्या कंपन्यांच्या डिश लावतो, फ्री डिशसुद्धा. हात जलद आहे, बहुतेक घरी दहा-पंधरा मिनिटांत चित्र येतं. तरी आठ-पंधरा दिवसांनी फोन येतोच, "पुन्हा गेलं." मागच्या पावसाळ्यात तीन घरी तीन-तीन वेळा जावं लागलं. एका आजींनी तर वाडीभर सांगितलं, की पोराने दहा मिनिटं डिश हलवली आणि साडेचारशे रुपये नेले. खरं तर त्यात नवीन एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग) टाकला होता. आमच्याकडे एक जुने काका हेच काम करतात. त्यांच्याकडे साधा मीटरही नाही, पण लोक आधी त्यांनाच बोलावतात. मला गोड बोलता येत नाही हे मान्य आहे. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, याचा एखादा कोर्स करावा का?

आमचं उत्तर

कोर्सचे पैसे वाचवा आणि त्यात एक चांगला डिजिटल सॅटफाइंडर, म्हणजे डिश उपग्रहावर रोखताना सिग्नल मोजणारा मीटर, घ्या. "दहा-पंधरा मिनिटांत चित्र येतं" हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, पण तुमचं दुखणं त्याच वाक्यात आहे. गिऱ्हाइकाला पुन्हा फोन करावा लागतो, तोवर कितीही गोड बोललात तरी ती चांगली सेवा होत नाही.

जुन्या अँटेनाला मुंग्या यायच्या. सिग्नल कमी झाला की चित्र हळूहळू खराब व्हायचं आणि अँटेना नीट लागलेला नाही हे घरातल्या लहान पोरालाही कळायचं. डिजिटलमध्ये तशी सोय नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र स्वच्छ, मर्यादेखाली गेला की तुकडे पडतात आणि मग काहीच नाही. म्हणजे डिश अगदी बरोबर रोखलेली असो वा थोडी चुकलेली, निरभ्र दिवशी पडद्यावर फरक दिसत नाही. तुम्ही मे महिन्यात, भर उन्हात काम करता, चित्र येतं, नट आवळता, निघता. फरक दिसतो तो जुलैत.

आकड्यांत बघा. घरगुती डिश साधारण ६० सेंटिमीटरची आणि सिग्नल केयू बँड नावाच्या लहरपट्ट्यातला, १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. अशा डिशचा झोत जेमतेम ३ अंश रुंद असतो. रोख १ अंश चुकला तर सुमारे दीड डेसिबलचं नुकसान होतं. कोरड्या दिवशी ते पचतं, पण पावसासाठी जी शिल्लक ठेवायची असते ती त्यात संपते. आणि १ अंश म्हणजे किती? ६० सेंटिमीटरच्या डिशची कड फक्त अर्धा सेंटिमीटर पुढे-मागे झाली की १ अंश झाला. शेवटचा नट आवळताना डिश तेवढी हलतेच.

म्हणून जुळवणीची रीत बदला. बॉक्सच्या सिग्नल पानावर किंवा सॅटफाइंडरवर 'स्ट्रेंग्थ' (नुसता जोर) बघून थांबू नका, 'क्वालिटी' (हवा तो सिग्नल किती स्वच्छ येतो) बघा. बझर वाजवणारा स्वस्तातला फाइंडर कोणत्याही उपग्रहावर वाजतो. उपग्रहाची जागा रेखांशाने सांगतात, आणि आकाशाच्या त्या पट्टीत ८३, ८८, ९३.५ आणि ९५ अंश पूर्व असे सगळे जवळजवळ बसलेत, त्यामुळे नुसता आवाज आला म्हणून फसायला वेळ लागत नाही. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य दिसली तर समजा, डिश शेजारच्या घरी जाऊन बसली आहे. बॉक्सवरचा आकडा एक-दोन सेकंद उशिरा बदलतो. तेव्हा डिश बोटभर न हलवता दोन-तीन मिलिमीटर हलवा आणि थांबा. क्वालिटी वाढत जाऊन पुन्हा उतरायला लागली की दोन्ही बाजूंच्या उतारांच्या मधोमध परत या. आधी आडवं, मग उभं, मग पुन्हा एकदा आडवं. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून बघा. आपल्याकडून हे उपग्रह सरळ दक्षिणेला नसून पूर्वेकडे सरकलेले आहेत, त्यामुळे एलएनबीला तिरपा कोन द्यावाच लागतो. टाटा प्लेच्या ८३ अंशांसाठी तुमच्या भागात तो सुमारे २८ अंश येतो, फ्री डिशच्या ९३.५ साठी ४८ च्या आसपास. टाटा प्लेची डिश फ्री डिशकडे फिरवून देताना बरेच जण नेमका हाच कोन विसरतात, आणि मग "काही चॅनल येतात, काही येत नाहीत" अशी तक्रार सुरू होते.

नट एकेक करून पूर्ण आवळू नका. डावा थोडा, उजवा थोडा, असं आळीपाळीने. आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघा. मग एक चाचणी करा, तिला अर्धं मिनिट लागतं: डिशची कड वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून बोटाने हलकेच दाबा. चारही वेळा क्वालिटी थोडी उतरली आणि बोट काढताच पहिल्या आकड्यावर आली, तर काम झालं. एखाद्या बाजूने दाबल्यावर आकडा वाढला तर डिश अजून शिखरावर नाही. आणि बोट काढल्यावर आकडा मूळ जागी आलाच नाही, तर तुमचं दुखणं रोखात नसून आधारात आहे.

आधाराबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण कोकणात निम्मी भानगड तिथे असते. जांभ्याच्या चिऱ्यात भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी आणि चार स्क्रू हे मुंबईच्या काँक्रीटला ठीक आहे. जांभा मऊ आणि भोकाभोकाचा. वाऱ्याने डिश महिनाभर हलत राहिली की गिट्टीभोवतीची भुकटी होते. भिंतीवर लावायचीच असेल तर चिऱ्याच्या मधोमध भोक घ्या, दोन चिऱ्यांच्या सांध्यात कधीच नको, आणि शक्य तिथे आरपार बोल्ट टाकून मागून पत्र्याची पट्टी व वॉशर द्या. त्याहून उत्तम म्हणजे जमिनीत काँक्रीट करून उभा केलेला जीआय पाइप. पाइपला पाणसळ दोन बाजूंनी लावून बघा. पाइप ओळंब्यात नसेल तर आडवी जुळवणी करताना उभा कोनही बदलत जातो आणि तुम्ही अर्धा तास गोल गोल फिरत राहता. खाडीकडच्या गावांत खारी हवा साध्या नटांना वर्षा-दोन वर्षांत खाऊन टाकते. स्टेनलेसचे नट वापरा, आट्यांना ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी उघडताना डिशच वाकणार नाही. वानरांवर आमच्याकडे खात्रीचा उपाय नाही. मात्र केबल हवेत लोंबती न ठेवता दर ४०-५० सेंटिमीटरवर क्लिप मारून भिंतीलगत घेतली, तर त्यांना झोका घ्यायला दोरी उरत नाही.

आता पाणी. "पुन्हा गेलं" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: पाऊस थांबल्यावर चित्र किती वेळाने आलं? सर थांबली आणि पाच-दहा मिनिटांत आलं, तर सिग्नल पावसाने शोषला. जुळवणी तपासा, बाकी सगळं ठीक असू शकतं. पाऊस थांबूनही तासन् तास आलं नाही, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आलं, तर पाणी आत शिरलंय, बहुतेक वेळा एलएनबीच्या कनेक्टरमधून. वाऱ्यातच जात असेल तर आधार सैल आहे किंवा झाडाची फांदी समोर येते. भर दुपारीच जात असेल तर तापलेला एलएनबी किंवा भिंतीलगत कोंबलेला बॉक्स. संध्याकाळी दिवेलागणीला बॉक्स आपोआप बंद-चालू होत असेल तर व्होल्टेज आणि ॲडॅप्टर. आणि मार्चच्या मध्याच्या आसपास किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस दिवसाउजेडी ठरावीक वेळेला काही मिनिटं जात असेल, तर तो सूर्य आहे. तो उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये शिरतो. त्यासाठी कुणाच्या घरी जाऊन पैसे घेऊ नका. फोनवरच सांगा की आठवड्याभरात आपोआप थांबेल, आणि खरंच थांबलं की तुमचं नाव वाडीत आपोआप होईल.

पाणी शिरलेल्या जोडाचं काम अर्धवट केलं जातं, म्हणून तो पुन्हा बिघडतो. कनेक्टर काढला, केबलच्या आवरणाखालची तारांची जाळी हिरवट किंवा काळी दिसली, दोन इंच कापून नवा कनेक्टर लावला, असं चालत नाही. पाणी जाळीतून केशाकर्षणाने खाली उतरलेलं असतं. चकचकीत जाळी दिसेपर्यंत कापत जा, मग ते ३० सेंटिमीटर असो की ३ मीटर. केबल आरजी ६ च हवी. जुन्या केबलवाल्याची आरजी ५९ घरात आहे म्हणून ती वापरू नका. मधे जोड नको. लांबी शक्यतो ३० मीटरच्या आत ठेवा. कॉम्प्रेशन कनेक्टर वापरा, पिळून बसवायचे नकोत. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर २-३ मिलिमीटर असावी. जाळीचा एक केस जरी तिला टेकला तरी शॉर्ट होतो.

कनेक्टरवर आपली नेहमीची काळी इलेक्ट्रिक टेप म्हणजे फसवणूक आहे. दोन उन्हाळ्यांत तिचा डिंक वितळतो, कड सुटते आणि आत गेलेलं पाणी ती धरून ठेवते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप मिळते. ती ताणून दुप्पट लांब करा आणि खालून वर गुंडाळत न्या. कौलं वळचणीकडून आढ्याकडे चढवत आणतात, तसंच, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत न जाता ओघळतं. एलएनबीच्या खाली केबलला एक लोंबती कमान द्या, तशीच एक घरात शिरण्याआधी. थेंब कमानीच्या तळाला येऊन गळून पडतो.

एवढं झालं की एलएनबी बदलायचा की नाही हे ठरवा. मीटर तुमच्याकडे आहे, तो इथे चालवा. बॉक्समधून एलएनबीला साधारण १३ किंवा १८ व्होल्ट जातात. उपग्रह काही चॅनल उभ्या लहरींत पाठवतो, काही आडव्या, त्यालाच ध्रुवीकरण म्हणतात: १३ ला उभ्या ध्रुवीकरणाचे चॅनल, १८ ला आडव्याचे. काढलेल्या केबलच्या टोकाला व्होल्ट मोजले तर सडकी केबलसुद्धा १८ दाखवते, कारण भार नसतो. एलएनबी जोडलेला असताना, डीसी जाऊ देणाऱ्या टी-जोडातून मोजा. १८ चे तिथे १५-१६ उरले असतील तर आडव्या ध्रुवीकरणाचे चॅनल कधी येतील, कधी जातील. दोष केबलचा असेल आणि तुम्ही एलएनबी बदलून याल. नवा एलएनबी लावताना सगळे जोड हाताखालून जातात, त्यामुळे तात्पुरता फरक पडतोही. पंधरा दिवसांनी फोन येतो तो याचा. आजींचा एलएनबी खरोखर गेला होता का, हे आम्हाला इथून सांगता येणार नाही. तुम्हाला सांगता येतं का, एवढं स्वतःला विचारा. केबल काढण्याआधी बॉक्स मेन स्विचमधून बंद करायचा, हे तुम्हाला माहीत असणारच. तरी कित्येक बॉक्स चालू केबल काढताना झालेल्या शॉर्टने जातात.

आता त्या काकांविषयी. त्यांच्याकडे मीटर नाही, पण बहुधा त्यांना प्रत्येक घराची डिश कुठे, कशावर लावली आहे हे पाठ आहे आणि ते सांगितलेल्या वेळी येतात. पहिली गोष्ट तुम्हाला वहीने भरून काढता येते. प्रत्येक घराचं एक पान: कोणती कंपनी, केबल किती मीटर, आधार कसला, काय बदललं, येताना क्वालिटी किती होती आणि निघताना किती. तीच नोंद मार्करने एका चिठ्ठीवर लिहून बॉक्सच्या खाली चिकटवा, तारीख आणि तुमच्या फोन नंबरासकट. सहा महिन्यांनी मुलगा मुंबईहून फोन करेल, तेव्हा तुम्ही घरातल्या माणसाला सांगू शकाल, "बॉक्स उलटा करा, चिठ्ठीवर शेवटचा आकडा काय आहे?" ७८ चा ४५ झाला असेल तर डिश हलली. ७८ चा शून्य झाला असेल आणि स्ट्रेंग्थही गेली असेल तर बहुधा केबल, कनेक्टर किंवा एलएनबी. सामान बरोबर घेऊन जाता येतं आणि एकाच फेरीत काम होतं. काकांशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांना गाठून बोला. तुमच्याकडे मीटर, त्यांच्याकडे तीस घरांची माहिती. तसंही ओल्या कौलांवर एकट्याने चढू नयेच.

फोनवर प्रश्नांची ठरलेली चाल ठेवा. पडद्यावर नेमकं काय लिहिलंय? ते वाचून दाखवायला सांगा, आकडा असेल तर आकडा. बॉक्सचा दिवा लागलाय का, कोणत्या रंगाचा? एकच चॅनल गेलं की सगळी? घरात दुसरा टीव्ही असेल तर तिथेही गेलं का? कधीपासून, आणि त्या दिवशी काय झालं: वारा, वीज, वानरं, घराचं रंगकाम? रंगकाम हा शब्द विसरू नका, रंगारी डिश सैल करतात आणि अंदाजाने परत लावतात. रिचार्ज कधी संपला? टीव्हीवरच 'सिग्नल नाही' आलंय की बॉक्सच्या पानावर? नातवाने रिमोटवरचं 'सोर्स' दाबलं म्हणून पंचवीस किलोमीटर गाडी मारायची वेळ येऊ नये. रिचार्ज केला तरी चॅनल येत नसतील तर बॉक्स चालू ठेवायला सांगा. चॅनल खुलं करण्याचा आदेश उपग्रहावरूनच येतो आणि बंद बॉक्स तो ऐकत नाही. त्यानंतर नोंदणीकृत मोबाइलवरून रिफ्रेश मागवायचा. फोनवर सुटलेल्या कामाचे पैसे मागू नका. तो माणूस पुढच्या वेळी तुम्हालाच बोलावणार आहे.

याच फोनवर दर सांगा. येण्याचे इतके, आणि सामान लागलं तर त्याची किंमत वेगळी, बदलण्याआधी विचारणार. कंपनीचा बॉक्स वॉरंटीत असेल किंवा भाड्याचा असेल तर तो उघडू नका आणि गिऱ्हाइकाला आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरावर तक्रार नोंदवायला सांगा. तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्यायला सांगा, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारीच्या वरच्या पायरीवर, जायचं तर तोच लागतो. त्याउपर दाद मागायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२४ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून घरी येण्याचं आणि जागा बदलण्याचं शुल्क कंपन्या स्वतः ठरवतात, पण ते जाहीर करावं लागतं. तुमचा दर त्या जाहीर दराशेजारी ठेवून बघा. फ्री डिशला मासिक वर्गणीही नाही आणि घरी येणारा कंपनीचा माणूसही नाही. तिथे गिऱ्हाइकाला तुमच्याशिवाय कुणी नाही, तेव्हा तिथे दर चढवू नका.

एक गोष्ट अजिबात करू नका: ओटीपी मागणं. रिचार्ज करून देताना, पॅक बदलून देताना, नंबर बदलताना, कधीच नाही. आजोबांनी स्वतःहून फोन तुमच्या हातात दिला तरी त्यांच्या मुलाला फोन लावून त्याच्याकडून करून घ्या. गावोगाव "डिशवाला बोलतोय" म्हणून फसवणारे फोन येतात. तुम्ही ओटीपी मागत नाही हे लोकांना ठाऊक झालं, की तुमच्या नावाने कुणाला फसवता येणार नाही.

जे दुरुस्त होणार नाही ते पैसे घेण्याआधी सांगा. तुमच्याकडच्या जुलैच्या सरीत, जुळवणी कितीही चोख असली तरी, काही मिनिटं चित्र जाणार. पावसाच्या थेंबांनी केयू बँडचा सिग्नल शोषला जातो, त्यावर एलएनबी बदलणं हा उपाय नाही. ज्याला हे अजिबात नको असेल त्याला ९० सेंटिमीटरची डिश सुचवता येते. तिचं क्षेत्रफळ ६० च्या सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. पण वाराही सव्वादोन पट घेते आणि झोत अरुंद होतो, म्हणून जमिनीतल्या पाइपाशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

झाडांचंही आधीच सांगा. संगमेश्वरहून ८३ अंशांचा उपग्रह जवळपास ६७ अंश उंच दिसतो, दक्षिणेकडून थोडा पूर्वेला. फ्री डिशचा आग्नेयेला ६० अंशांच्या आसपास, आणि एअरटेलचा १०८ अंशांचा बराच पूर्वेकडे कलून फक्त ४६ अंशांवर. व्यवहारात याचा अर्थ असा, की एअरटेलच्या डिशपुढे १० मीटरवर असलेलं झाड डिशच्या पातळीपासून १० मीटर वर गेलं की आडवं आलंच. टाटा प्लेला त्याच अंतरावरचं २३ मीटरचं झाडही सहसा आडवं येत नाही. आपल्या घरगुती डिश ऑफसेट, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या; अशी डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, त्यामुळे नजरेने अंदाज चुकतो. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप वापरा. आंब्याची फांदी तोडायला सांगणं हा शेवटचा उपाय, आधी डिश चार मीटर सरकवून बघा. फणसाची, आंब्याची नवी पालवी धरून दोन वर्षांची वाढ हिशेबात घ्या.

घरात वागण्याचं थोडक्यात. निघताना फोन, उशीर होणार असेल तर आणखी एक. ढग गडगडत असतील तर "आज चढत नाही, उद्या सकाळी येतो" असं स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही, आणि केबल व प्लग काढून ठेवायलाही सांगा. भोक पाडताना खाली जुनं वर्तमानपत्र. काम झालं की टीव्ही त्यांच्या चॅनलवर ठेवा, तुमच्या सिग्नल पानावर नको.

आणि दाखवा. तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल. डिश अंगणात किंवा छपरावर, गिऱ्हाईक आत. त्याला दिसतं ते इतकंच, की पोरगा वर गेला, खुडबुड केली, खाली आला, पैसे मागितले. म्हणून आल्याबरोबर बॉक्सचं सिग्नल पान उघडून घरातल्या कुणाला तरी दाखवा, "आत्ता क्वालिटी ३२ आहे." मोबाइलवर फोटो काढा. निघताना तेच पान पुन्हा, "आता ७८." हिरवट कनेक्टर कापलात तर तो कचऱ्यात न टाकता हातात द्या. जुना एलएनबी त्यांच्या घरीच ठेवा, तो त्यांचाच आहे. बिलावर मजुरी एका ओळीत, सामान दुसऱ्या ओळीत, मीटर आणि नगासह: आरजी ६ केबल १२ मीटर, कॉम्प्रेशन कनेक्टर २, रबरी टेप. खाली लिहा, "याच दोषासाठी ६० दिवसांत पुन्हा आलो तर मजुरी नाही. वीज पडणे, वानरं, दुसऱ्याने डिश हलवणे वगळून." हे लिहायची भीती वाटत असेल तर वर सांगितलेली बोटाची चाचणी अजून मनापासून करा. पहिला मोठा पाऊस पडून गेला की तुम्ही स्वतःहून फोन करा, "चित्र किती वेळ गेलं होतं?" उत्तरावरून पुढचं कळतं.

आता तातडीचं काम. मृगाला फार दिवस नाहीत. तीनदा फेऱ्या झालेल्या त्या तीन घरी त्याआधी जा, पैसे न घेता. बरोबर मीटर, टी-जोड, कॉम्प्रेशनचं पकड यंत्र, दहा कनेक्टर, १५ मीटर आरजी ६, रबरी टेप, पाणसळ, स्टेनलेसचे नट आणि दोन लांब बोल्ट घ्या. आधी बोटाची चाचणी, मग कनेक्टर उघडून जाळीचा रंग, मग भाराखालचे व्होल्ट. कारण सापडेल.

आजींकडे जाल तेव्हा साडेचारशेचा विषय काढू नका. आधीचं पान दाखवा, काम करा, नंतरचं पान दाखवा, आणि मागच्या वेळचा एलएनबी तुमच्या पिशवीत अजून असेल तर तो त्यांना परत द्या. बसवलेल्या एलएनबीचं बिल राहिलं असेल तर तेही करून द्या, जुन्या तारखेने.